फेरी नाही, तेथे सवलत कशाची?

यवतमाळ–अमरावती रस्त्यावर नेर हे तालुक्याचे गाव आहे. तेथे एस. टी.चे आगार आहे, आणि रस्त्यावर काळ्यापिवळ्या गाड्या व व्हॅनही आहेत. आगारातली बस वेळ झाली की सुटते. बाहेरची गाडी भरली की सुटते. ग्रामीण वाहतुकीचे सारे अर्थशास्त्र या फरकात आहे. पहिलीत पाचच प्रवासी असले तरी ती निघते आणि त्या पाचांचा तोटा कोणी तरी सोसतो. दुसरीत तोटा सोसतो तो प्रवासी. तो तासभर ताटकळतो, मग दाटीवाटीने बसतो, आणि संध्याकाळी गाडी भरणारच नसेल तर मुक्कामच करतो.

नेर गावाला रेल्वे कधीच नव्हती. शेजारच्या दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ होती, तीही थांबली. त्यामुळे मांगलादेवी किंवा शिरसगाव येथील निराधार योजनेचा कागद घेऊन तहसिलीत जाणारी म्हातारी, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला निघालेली गरोदर बाई, कनिष्ठ महाविद्यालयातील मुलगी, या सर्वांना रस्ता हाच एक आधार. ज्याच्या दारी मोटारसायकल आहे तो या रांगेतून केव्हाच बाहेर पडला. मागे उरले ते ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा घेता येत नाही ते. म्हणजे प्रामुख्याने बाया, मुले आणि म्हातारे.

या तिघांसाठी शासनाने अलीकडे सवलतींचा वर्षाव केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. शाळकरी मुलींचा मोफत पास तर त्याहून जुना. या सवलतींची टिंगल करणारा एक सुखवस्तू वर्ग शहरात आहे. त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. अर्ध्या तिकिटामुळे मजूर बाई माहेरी जाऊ शकली, दवाखान्यात जाऊ शकली, यात स्वातंत्र्याचा अंश आहे. परंतु सवलत चालते ती बसमध्ये. व्हॅनचा चालक पास पाहत नाही, आणि त्याने तो का पाहावा? ज्या खेड्यात दिवसाला एकच फेरी येते आणि तीही अधूनमधून रद्द होते, तेथील स्त्री पुरे भाडे देऊन व्हॅनच्या मागच्या बाकावर बसते. शासन महामंडळाला सवलतीची भरपाई देते ती प्रत्यक्ष वाहून नेलेल्या प्रवाशांमागे. साहजिकच हा पैसा जेथे गाड्या अधिक तेथे अधिक जातो. जेथे फेरी नाही तेथे प्रवासी नाही, आणि प्रवासी नाही म्हणून भरपाईही नाही. सर्वांत गरीब गाव या हिशेबात दिसतच नाही.

हे कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टपणामुळे घडते असे नव्हे. १९५० च्या ज्या कायद्याखाली महामंडळ चालते त्यातच ही ओढाताण आहे. त्याचे १८ वे कलम पुरेशी, कार्यक्षम व सुसूत्र सेवा देण्यास सांगते; २२ वे कलम व्यापारी तत्त्वावर कारभार करा असे बजावते. पूर्वी गजबजलेल्या मार्गांची मिळकत आडगावच्या फेऱ्यांना पोसत असे. ‘गाव तेथे एस. टी.’ ही घोषणा त्या बळावर उभी होती. पुढे किफायतशीर मार्गांवर खासगी आरामगाड्या आल्या, मलई त्यांनी नेली. तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर मात्र एस. टी.च्या माथी राहिला. आता तोट्याची फेरी बंद करणे हीच काटकसर ठरते. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, पण भाडेवाढीने बंद पडलेली फेरी परत येत नाही.

चळवळीनेही थोडे आत्मपरीक्षण करावयास हवे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. तुटपुंज्या, अनियमित पगारावर राबणाऱ्यांचा संताप न्याय्यच होता. पण त्या सहा महिन्यांत खेड्यातील प्रवासी चळवळीच्या सोबतीला घेण्याचा प्रयत्न जवळजवळ झालाच नाही. तो व्हॅनकडे गेला आणि पुष्कळसा तेथेच राहिला.

दुसरी चूक म्हणजे काळीपिवळीच्या चालकाला शत्रू मानणे. तो बहुधा कोरडवाहू कास्तकाराचाच बेकार मुलगा असतो, गाडी कर्जावर घेतलेली असते. त्याचा परवाना संपूर्ण गाडी भाड्याने देण्याचा; तो टप्प्याटप्प्याने प्रवासी घेतो, म्हणून कायद्याने गुन्हेगार. हे सर्वांना ठाऊक असते, धाड पडते तेव्हाच ते आठवते. खरी हानी अपघातात होते. विमा कंपनीची जबाबदारी परवान्यातील आसनसंख्येपुरतीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निर्णय आहे. बाराच्या गाडीत अठरा बसले असतील तर उरलेल्या सहांचा भार मालकावर, आणि मालकाजवळ काय असते?

तेव्हा मागणी नेमकी हवी. भरपाई केवळ प्रवाशामागे न देता तोट्याच्या मार्गावर प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरमागेही द्यावी. जेथे मोठी बस खरोखरच परवडत नाही तेथे महामंडळाने लहान गाड्या चालवाव्यात, किंवा याच तरुणांना ठरलेली वेळ, ठरलेले भाडे व पास मानण्याची अट घालून रीतसर कामावर घ्यावे. बाकांपेक्षा अधिक माणसे कोंबण्याची मुभा मात्र नसावी. खर्च होईल, आणि तो रस्ते रुंदावण्याच्या खर्चासारखाच अर्थसंकल्पात उघडपणे मांडावा.

नेरच्या कार्यकर्त्यांना सुरुवात उद्यापासून करता येईल. गेल्या वर्षभरात कोणत्या गावाच्या कोणत्या फेऱ्या किती दिवस रद्द झाल्या याची माहिती २००५ च्या माहिती अधिकाराखाली आगाराकडून मागता येते. ती गाववार लिहून ग्रामसभेत वाचावी. सायंकाळच्या शेवटच्या फेरीचा रकाना आधी पाहावा, कारण शाळेचा जादा तास सुटल्यावर मुली त्याच फेरीची वाट पाहत उभ्या असतात.