हाडांची साक्ष आणि जन्माची नोंद

उन्हाळ्यांत उजनीचें पाणी ओसरूं लागलें म्हणजे केत्तूर, चिखलठाण, कुगांव या आमच्या करमाळे तालुक्यांतील गांवांच्या कांठीं बुडालेल्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. त्या पाहतांना आम्हांस इनामगांवची आठवण होते. ज्या भीमेचें पाणी उजनीस अडविलें आहे, तिलाच वर मिळणाऱ्या घोड नदीच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत, हें गांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें सांपडलीं, आणि घरांच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावून पुरलेल्या मडक्यांच्या जोड्यांत, तान्ह्या मुलांचे सांगाडे सांपडले.

त्या बालकांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत; वयें मात्र कळतात. दुधाचा पहिला दांत सुमारें सहाव्या महिन्यांत दिसतो, कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्याच्या. हातापायांच्या लांब हाडांचीं टोकें लहानपणीं कूर्चेनें जोडलेलीं असतात. तीं क्रमाक्रमानें सांधत जातात, आणि गळ्याच्या हांसळीचें छातीकडील टोक तर विशी उलटल्यावर सांधतें. पुढें केवळ झीज उरते. म्हणून प्रौढ मनुष्याचा सांगाडा पाहून न्यायवैद्यकाचा तज्ज्ञ "पस्तीस ते पन्नास" इतकेंच सांगूं शकतो.

हाडांवरून जन्मतारीख निघते, ही समजूत चुकीची आहे. जिवंत माणसाच्या क्ष-किरण चित्रावरूनही एकदोन वर्षांचा फरक राहतोच. मुलगी सोळा वर्षांची कीं अठरा, हा प्रश्न जेव्हां तिच्या विवाहावरून उभा राहतो, तेव्हां त्या दोन वर्षांतच तिचें सारें आयुष्य अडकलेलें असतें. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंही वय ठरवितांना शाळेच्या दाखल्यास पहिलें स्थान दिलें आहे, त्यामागून नगरपालिका वा ग्रामपंचायत यांच्या दाखल्यास. हाडांची तपासणी हे दाखले नसतील तेव्हांच.

आमच्या आजोबांच्या पिढींत शाळेंत नांव घालतांना सरसकट १ जून ही तारीख लिहिली जाई. त्याचें आज हंसूं येतें. परंतु ऊसतोडीच्या कोपींत जन्मलेल्या बाळाची नोंद राहून जाते, किंवा लग्नाच्या घाईंत मुलीचें वय वाढवून सांगितलें जातें, तेव्हां तें हंसण्यासारखें नाहीं.

यासाठीं पालकांस आमची विनंती आहे कीं, जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावी व खरीच करावी. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही सुटींत घरीं गेल्यावर आपला व धाकट्या भावंडांचा दाखला पाहून ठेवा. शेजारच्या कोपींत बाळ जन्मलें असेल तर त्याच्या आईबापांस ग्रामपंचायतीची वाट दाखवा. इनामगांवच्या मुलांसाठीं तेवढें करणारें कोणी नव्हतें. या मुलांसाठीं तुम्ही आहांत.