शीड गेले, सावलीही गेली

कोकण किनाऱ्यावरील लहान मच्छीमार होडीवर चार बांबू उभारून वर कापड ताणावे की नाही, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चेला घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका अनेकांच्या मनात येईल. डिझेलवरील परतावा, मोठ्या ट्रॉलरांची किनाऱ्यालगतची घुसखोरी, प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी असे गंभीर प्रश्न समोर असताना होडीवरच्या सावलीचा विचार कोणी करावा? शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नांवर मोर्चे निघत नाहीत ते सगळेच क्षुल्लक असतात असे नाही. कित्येकदा ते सोसणाऱ्याच्या इतके अंगवळणी पडलेले असतात, की त्याची तक्रार करता येते हेच तो विसरून गेलेला असतो. भर उन्हात उघड्या होडीत सहा-आठ तास बसणे ही अशीच एक गोष्ट आहे.

मोठ्या यांत्रिक नौकेवर केबिन असते. तांडेल तिच्यात उभा राहतो आणि खलाशी तिच्या सावलीला टेकतात. येथे विचार आहे तो वीस ते तीस फूट लांबीच्या उघड्या होडीचा. वल्ह्यांवर किंवा मागे बसवलेल्या लहान मोटरीवर चालणारी, दोन ते पाच माणसे नेणारी, जाळे किंवा गळ टाकून त्याच दिवशी परतणारी ही होडी मालवण-वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत प्रत्येक बंदरात आणि खाडीत दिसते. तिच्यावर आकाशाखेरीज दुसरे छत नसते.

मात्र ही स्थिती पूर्वीपासूनची नव्हे. होडी शिडावर चालत होती तेव्हा डोलकाठीवर ताणलेले ते कापड वारा धरण्याबरोबरच सावलीही देत असे. ती सावली सूर्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर सरकत असे, पण होडीत कोठे ना कोठे ती असेच. १९५० नंतरच्या दशकांत किनाऱ्यावर इंजिने आली आणि पुढे लहान होड्यांनाही बाहेरून बसवायच्या मोटरी मिळाल्या. वेळ वाचला, वल्ह्यांचे श्रम वाचले, वाऱ्याची वाट पाहणे संपले. हा लाभ मोठा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु या व्यवहारात शिडाबरोबर सावलीही गेली आणि ती गेल्याची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत झाली नाही. यांत्रिकीकरणाच्या योजना आखणाऱ्यांनी शिडाची किंमत वाऱ्यात मोजली, उन्हात मोजली नाही.

वेधशाळेचा तापमापक सावलीत असतो

किनाऱ्यावर उष्मा फारसा नसतो, समुद्राचा वारा असतोच, असा एक समज देशावर रूढ आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी केंद्रावर कमाल तापमान निदान ३७ अंश सेल्सिअस असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेले असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते; मैदानी प्रदेशासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. किनाऱ्याची मर्यादा कमी ठेवण्यामागे शास्त्रीय कारण आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. नागपूरचे चाळीस आणि रत्नागिरीचे सदतीस यांची तुलना केवळ आकड्यांनी करता येत नाही.

त्यातही एक गोष्ट नजरेआड होते. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो, म्हणजे तो सावलीत असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा हवेचा असतो, उन्हाचा नसतो. होडीतल्या माणसाला हवेची उष्णता सोसावी लागतेच; शिवाय डोक्यावरून थेट येणारे ऊन, पाण्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांत शिरणारी तिरीप आणि तापलेल्या फळ्यांची धग हीही सोसावी लागते.

समुद्राचा वारा असतो हे खरे, पण तो अखंड नसतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे असतात, दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे असतात, आणि या दोहोंच्या मध्ये सकाळ उतरणीला लागताना हवा पडते. पाणी आरशासारखे स्तब्ध होते. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांत पूर्वेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळे खारे वारे उशिरा सुटतात आणि ही स्तब्धता लांबते. मुंबई व कोकणातील तीव्र उष्म्याचे दिवस बहुधा याच कारणाने येतात. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बंदीचा काळ सोडला, तर हे दोन्ही महिने ऐन हंगामातले आहेत. किनाऱ्यालगतची मासळी विरळ झाल्यामुळे लहान होडीलाही अधिक दूर जावे लागते, आणि पूर्वी न्याहारीच्या वेळेला परतणारी होडी दुपारी परतते.

उन्हाचा घाव किती खोल असू शकतो हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे पाहिले. उघड्या मैदानावरील त्या समारंभात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला. ते ठिकाण खाडीपासून दूर नाही आणि त्या दिवशीचे तापमान काही विक्रमी नव्हते. डोक्यावर सावली नव्हती, एवढेच. समुद्रात तर उन्हाचा पहिला परिणाम कोणाच्या लक्षातही येत नाही. उष्म्याने प्रथम चक्कर येते, विचार मंदावतो, हाताचा अंदाज चुकतो. घरी बसलेल्या माणसाला त्याने फार तर पडून राहावे लागेल. पण ज्याच्या पायाशी धावती दोरी आहे आणि पाठीशी फिरता पंखा आहे, त्याच्यासाठी क्षणभराची भ्रांतीही प्राणावर बेतू शकते. अशा अपघाताची नोंद पुढे ‘होडीतून पडून मृत्यू’ अशीच होते. त्यात उन्हाचे नाव येत नाही. याशिवाय वर्षानुवर्षांच्या तिरिपीने डोळ्यांत अकाली मोतीबिंदू होतो, पांढऱ्या भागातून बुबुळावर मांसल पडदा सरकतो. म्हातारपणाच्या खात्यावर लिहिले जाणारे हे दोष पुष्कळदा व्यवसायाचे असतात.

छप्पर नव्हे, शीड

आता दुसरी बाजू. सावली हवी हे मान्य केले तरी लहान होडीवर ती उभी करणे सोपे नाही, आणि मच्छीमारांनी ती आजवर उभारली नाही यामागे केवळ गरिबी किंवा सवय आहे असे मानणे हा त्यांच्या शहाणपणाचा अवमान ठरेल. त्यांचे आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप कामाचा. जाळे ओढायचे ते उभ्याने आणि मोकळ्या हातांनी. पाग फेकणाऱ्याच्या हाताला आणि जाळ्याच्या दोरीला बांबूचे चार खांब म्हणजे चार अडथळे. दुसरा आक्षेप जिवाचा, आणि त्याचे गणित स्पष्ट आहे. होडी माणसांसह दीड टनाची धरली आणि तिच्या गुरुत्वमध्यापासून दीड मीटर उंचीवर चाळीस किलोंचे छत बसवले, तर तो गुरुत्वमध्य सुमारे चार सेंटिमीटर वर सरकतो. हा आकडा लहान वाटेल, पण आधीच डुलणाऱ्या अरुंद होडीचा सावरण्याचा जोर त्याने निश्चित घटतो. वाऱ्याचा धोका त्याहून मोठा. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे सहा किलो असतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. दोन मीटर लांब-रुंद सपाट छताला शांत पाण्यात वारा जाणवतही नाही. परंतु होडी लाटेवर कलली, वारा खालून आत शिरला आणि तोच वेग ताशी ७२ किलोमीटरवर गेला, तर त्या चार चौरस मीटरांवर शंभर किलोंचा जोर येऊ शकतो. तोही उंचावर आणि एका कडेला! शिवाय ज्या मे आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात छत सर्वाधिक हवेसे वाटते, त्याच उष्म्यातून दुपारनंतरची वादळी वावटळ जन्माला येते.

या आक्षेपांचे उत्तर मच्छीमारांच्याच परंपरेत आहे. होडीवरचे कापड केव्हा ताणावे आणि केव्हा उतरवावे हे ज्ञान शिडाच्या काळात प्रत्येक तांडेलाला होते. क्षितिजावर ढग काळवंडला की शीड खाली येत असे; त्यासाठी कोणाच्या आज्ञेची वाट पाहिली जात नसे. होडीवरील छताला घराचे छप्पर समजले की ते घातक होते, शीड समजले की ते उपयोगी ठरते. सारी रचना या एका तत्त्वावरून ठरवता येते. छत सर्व होडीवर नको; मोटर धरणारा आणि हात मोकळे झालेला गडी बसतो त्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यावर पुरे. म्हणजे जाळ्याची जागा मोकळी राहते. उंची बसलेल्या माणसापुरती असावी, उभ्या माणसापुरती नव्हे. खांब लोखंडी नळाचे करू नयेत. ते जड असतात, खाऱ्या हवेत गंजतात आणि उलटल्यास बुडतात. बांबू हलका आहे, स्वस्त आहे आणि तरंगतो. खांबांची खोबण फळीला नव्हे तर होडीच्या सांगाड्याला धरून असावी. बाजू चारही उघड्या असाव्यात. वर प्लास्टिकची ताडपत्री ताणण्यापेक्षा रोपवाटिकेवर ताणतात तसली पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी जाळी बरी, कारण तिच्यातून वारा निघून जातो. गाठी एका ओढीने सुटणाऱ्या हव्यात. आणि पहिल्यांदा समुद्रात नेण्यापूर्वी बंदरातल्या उथळ, संथ पाण्यात छतासह आणि छताविना अशी दोनदा, सर्व माणसे एका कडेला बसवून होडीची परीक्षा घ्यावी. दक्षिण कोकणातील उलांडीच्या होड्यांना बाजूचा आधार असल्याने त्या अधिक स्थिर असतात. तरी परीक्षा त्यांनाही चुकलेली नाही.

सावलीचा खर्च कोणी करावा?

एवढे साधे काम असेल तर ज्याचे त्याने करावे, सरकारने त्यात का पडावे, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर किनाऱ्यावरच दिसते. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या अनेक होड्यांवर छत आहे. दोन तास सहल करणाऱ्या पाहुण्याला ऊन लागू नये म्हणून जी सावली उभी राहते, ती वर्षभर त्याच समुद्रात राबणाऱ्यासाठी उभी राहत नाही. कारण पाहुणा सावलीचे पैसे देतो आणि मासळीचा व्यापारी देत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागेतील उष्म्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. लहान होडीत मालक आणि मजूर पुष्कळदा एकच माणूस असतो. तेथे निरीक्षक कोणाला जाब विचारणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतील कामाविषयी स्वतंत्र करार केला, पण नौकेवरील निवासव्यवस्थेचे त्यातील परिशिष्टही डेक असलेल्या नव्या नौकांसाठीच आहे. उघडी होडी तेथेही उघडीच राहिली.

म्हणून हा भार सार्वजनिक योजनेनेच उचलला पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी साहाय्य आणि सुरक्षासाधनांचा संच या बाबींचा समावेश करण्यात आला. मोठ्या यांत्रिक नौकांवरील जैव-शौचालयांचाही विचार तीत झाला, आणि तो योग्यच होता. सुरक्षासाधनांच्या अशा यादीत तरंगत्या जाकिटाच्या शेजारी उतरवता येणाऱ्या छताची एक ओळ वाढवली, तर खजिन्यावर मोठा बोजा पडणार नाही. मात्र नुसती ओळ वाढवून भागणार नाही. अनुदान आले की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की एकाच मापाचा लोखंडी सांगाडा येतो, आणि तो होडीवर चढण्याऐवजी अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर चढतो. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून नौका व जाळी यांवर संशोधन करीत आहे. तिने आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने बंदरोबंदरीच्या होड्यांचे नमुने घेऊन, तेथल्याच सुतारांना आणि तांडेलांना बरोबर घेऊन, तीन-चार आराखडे तपासून द्यावेत. अनुदान वस्तूचे नसावे, तपासलेल्या आराखड्याचे असावे.

ज्यांना माणसाच्या सुखापेक्षा मालाचा हिशेब अधिक पटतो, त्यांच्यासाठीही एक आकडा आहे. भर दुपारचे ऊन एक चौरस मीटरवर तासभर पडले, तर त्यातली उष्णता सुमारे दहा किलो बर्फ वितळवण्यास पुरेशी असते. पकडलेली मासळी त्याच सावलीखाली ठेवली, तर बर्फ टिकतो, मासळीचा ताजेपणा टिकतो आणि बाजारात भाव टिकतो. आजही कित्येक होड्यांत मासळीवर ओले गोणपाट टाकलेले दिसते. मासळीला झाकण्याची बुद्धी ज्या व्यवहाराने शिकवली, त्याला मासळी धरणाऱ्याला झाकण्याची गरज भासली नाही, ही त्या व्यवहाराची नव्हे तर समाजाच्या दृष्टीची उणीव आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. शेतकऱ्याला बांधावर झाड असते. दुपारची भाकरी तो त्याच्या सावलीत खातो. समुद्राला बांध नाही आणि पाण्यावर झाड उगवत नाही. दर्जा समान झाला असेल, तर पहिली समानता या दुपारच्या सावलीपासून सुरू होण्यास हरकत नसावी.