मूळ यंत्र की मूळ मजकूर? फ्लॉपी ड्राइव्ह आणि वारशाचे खोटे सोवळे

#थ्रेड

१/ खुलताबादेत औरंगजेबाच्या कबरीभोवती दिसणारी संगमरवरी जाळी १७०७ ची नाही. मूळ कबर साधी, उघड्या आकाशाखालची. जाळी विसाव्या शतकात, निजामाच्या राजवटीत आली. म्हणून त्या स्थळाला कोणी बनावट ठरवत नाही. मूळ काय आणि नंतरची भर कोणती, याची नोंद अभ्यासक करतो व पुढे जातो.

२/ जुन्या संगणकांच्या बाबतीत मात्र हा समंजसपणा हरवतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फेरफार करून तो जुन्या यंत्राला जोडला, की 'मूळपणाचा भंग झाला' अशी ओरड होते. ही ओरड वारशाच्या प्रेमातून येत असेल; परिणामी ती वारशाच्याच मुळावर उठते.

३/ फेरफार कसला, ते आधी समजून घ्यावे. १९७६ मध्ये शुगार्ट या अमेरिकी कंपनीने सव्वापाच इंची ड्राइव्ह बाजारात आणला. त्याची ३४ पिनांची जोडणी पुढे सर्वमान्य झाली. एकाच केबलवर अनेक ड्राइव्ह; १० क्रमांकाची पिन ड्राइव्ह ० ला हाक देणारी, १२ क्रमांकाची ड्राइव्ह १ ला. कोणी कोणत्या हाकेला 'ओ' द्यायची, हे ड्राइव्हवरील जंपरने ठरे.

४/ १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला आणि निराळी युक्ती योजली. सगळेच ड्राइव्ह '१' वर ठेवायचे आणि केबलमधल्या सात तारांना पीळ देऊन पहिला कोण, दुसरा कोण हे ठरवायचे. जोडणी सोपी झाली. पुढे बहुतेक ड्राइव्हवरून जंपरच नाहीसे झाले.

५/ भारतात १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला. त्यात बीबीसी मायक्रो ही यंत्रे वापरली गेली. बीबीसी मायक्रो आधी ड्राइव्ह ० ला हाक मारतो. नंतरच्या काळातला पीसी ड्राइव्ह '१' वर अडकलेला, म्हणून तो गप्प राहतो. उपाय एवढाच: एक सोल्डर सोडवून शेजारच्या बिंदूवर द्यायचा. अमिगाला ३४ व्या पिनेवर 'तयार आहे' असा संकेत हवा असतो. पीसी ड्राइव्ह तिथे 'फ्लॉपी बदलली' असे सांगतो. तिथेही एखाद-दुसरी तार वळवावी लागते.

६/ आक्षेप पहिला: 'मूळ वस्तूला हात लावू नये.' मान्य. पण हात कशाला लागतो? पीसीच्या भरभराटीच्या काळात अमाप संख्येने बनलेल्या एका साध्या ड्राइव्हला. दुर्मीळ संगणक आणि त्याचा अस्सल ड्राइव्ह जसेच्या तसे राहतात. उलट, 'अस्सल'च्या हट्टापायी झिजलेला, मळलेला जुना ड्राइव्ह चालवला, तर त्याचे हेड फ्लॉपीचा चुंबकीय थर खरवडू शकते. मग यंत्र अस्सल उरते आणि मजकूर जातो.

७/ आक्षेप दुसरा: 'एम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला?' एम्युलेटरला फ्लॉपीची प्रतिमा लागते, आणि ती आकाशातून पडत नाही. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल ही उपकरणे चुंबकीय खुणा थेट टिपतात. पण त्यांनाही हवा असतो एक चालता ड्राइव्ह.

८/ हा केवळ परदेशी खेळांचा आणि छंदाचा प्रश्न नव्हे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आले. त्या काळात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली. पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका यांची पाने फ्लॉपीवरून छापखान्यात जात. त्यापुढचे कामही सोपे नाही, कारण युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी होती. सोनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. जुन्या फ्लॉपी मात्र अजून कपाटांत आहेत, आणि त्यांचा थर दरवर्षी झिजतो आहे.

९/ मोडी कागदांशी तुलना करून पाहावी. पेशवे दफ्तर शाबूत आहे, वाचणारे थोडे आहेत. परंतु मोडी आज शिकली तरी कागद वाट पाहत असतो. फ्लॉपीचे उलट आहे. देवनागरी सर्वांना येते, पण अक्षरांपर्यंत पोचण्याचा रस्ताच बुजत चालला आहे. फ्लॉपी वाट पाहत नाही.

१०/ याचा अर्थ वाटेल ती तोडफोड क्षम्य, असा नव्हे. दुर्मीळ यंत्राचे कवच कापणे हा अपराधच. फेरफार ड्राइव्हमध्ये करावा, संगणकात नव्हे. तो पूर्ववत करता येईल असा असावा. आधीचे-नंतरचे छायाचित्र आणि बदललेल्या पिनांची नोंद ड्राइव्हवरच चिकटवावी. फ्लॉपी घालण्यापूर्वी तिचे लेखन बंद करावे: सव्वापाच इंचीची खाच पट्टीने झाकून, साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवून.

११/ काचेच्या कपाटातले, कोणी न उघडलेले यंत्र पाहून भक्ती जागते. इतिहास जागत नाही. इतिहासाला मजकूर लागतो. एका सोल्डरच्या बदल्यात तो मिळत असेल, तर ते सोल्डर नाकारणारा रक्षक कसला? तो केवळ कुलूपवाला.