घरपट्टीचा हिशेब आमदारांकडे मागा

विधिमंडळाचे अधिवेशन आटोपले म्हणजे आमदार मतदारसंघात परततात आणि वर्षाकाठी एक कार्यअहवाल घरोघर पोहोचविला जातो. सभामंडप, व्यायामशाळा, पेव्हर ब्लॉक, बसथांबे यांची छायाचित्रे त्यात असतात. स्थानिक विकास निधीचे पाच कोटी रुपये कोठे कोठे खर्च झाले याची यादीही असते. अधिवेशनात कोणती विधेयके आली, त्यांतील कोणत्यावर आपले आमदार बोलले, कोणती दुरुस्ती त्यांनी सुचविली, कोणत्या कलमाला विरोध केला, याविषयी मात्र त्यात अवाक्षर नसते. आपल्या विचारांचे जे थोडे प्रतिनिधी आजवर विधिमंडळात गेले, त्यांचे अहवालही या बाबतीत फार निराळे नव्हते, हे कार्यकर्त्यांनी मोकळेपणाने मान्य करावे.

कायदे करणे हे ज्याचे पहिले काम, त्याने गटारावरच्या झाकणांचा हिशेब द्यावा आणि कायद्यांचा देऊ नये, ही रीत कोणी पाडली हे शोधत बसण्यात अर्थ नाही. तिची किंमत कोण मोजतो हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. स्थानिक करांच्या बाबतीत ती किंमत रुपयांत मोजता येते.

घरपट्टी ही नगरसेवकांची बाब आहे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दर ठरविण्याचा काही अधिकार महापालिकेला आहे. पण कर कशावर बसावयाचा, मूल्य कसे काढावयाचे, माफी कोणाला द्यावयाची, हे मुंबईपुरते १८८८ च्या अधिनियमात, इतर महापालिकांपुरते १९४९ च्या आणि नगरपरिषदांपुरते १९६५ च्या अधिनियमात लिहिलेले आहे. हे तिन्ही कायदे विधानसभेच्या हातचे आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, तरी कर बसविण्याचा अधिकार त्यांना राज्य विधिमंडळ कायद्याने देईल तेवढाच मिळतो.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. तेथे मालमत्ता कर पूर्वी अपेक्षित भाड्यावरून काढीत असत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली आणि त्यांच्यावरील करही तेथेच गोठला. उपनगरात नव्याने सदनिका घेणारा कारकून दक्षिण मुंबईतील प्रशस्त जुन्या घरापेक्षा अधिक कर भरू लागला. चाळीतल्या भाडेकरूला या व्यवस्थेने आधार दिला हेही खरे. परंतु कर म्हणून ती विषम होती याविषयी शंका नाही. पुढे कायदा बदलून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला, आणि त्याला सिद्धशीघ्रगणकातील दरांचा आधार घेण्यात आला. तत्त्व म्हणून हा बदल योग्यच होता. नियम करताना मात्र प्रशासनाने हात सैल सोडला. जमिनीवर पुढे कधी काळी किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरले, आणि कराचा अंमल मागील तारखेपासून लावला. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. एका तपाची करआकारणी वादात सापडली, ती नियम कोणी तपासले नाहीत म्हणून.

यानंतर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या माफीचा प्रश्न येतो. २०१९ च्या निवडणूक वर्षात ही माफी गाजावाजा करून जाहीर झाली. प्रत्यक्षात त्या वेळी माफ झाला तो केवळ सर्वसाधारण कर. मालमत्ता कराच्या देयकात त्याखेरीज जल-लाभ, मलनिःसारण, शिक्षण उपकर असे इतर अनेक घटक असतात, आणि ते तसेच राहिले. 'कर माफ झाला' असे ऐकलेल्या माणसाच्या हाती देयक आले ते यामुळे. संपूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली. मधल्या तीन वर्षांत मतदारांना देयकाचे घटक समजावून सांगणारे एक पत्रक किती आमदारांनी काढले?

माफीला माझा विरोध नाही. लहान घरातील श्रमिकाला सवलत मिळालीच पाहिजे. आक्षेप आहे तो मापाला. भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारल्यामुळे प्रत्येक सदनिकेचे मूल्य महापालिकेच्या दप्तरात आधीच नोंदलेले आहे. ते हाताशी असताना माफी मात्र केवळ क्षेत्रफळावर दिली गेली. परिणामी मलबार हिलवरची ४९० फुटांची सदनिका करमुक्त झाली आणि गोवंडीतील ५१० फुटांचे घर करपात्र राहिले. शंभर फुटांच्या गाळ्यात शिलाईयंत्र चालविणाऱ्याला तर ही माफी नाहीच, कारण त्याची जागा निवासी नाही. 'अमुक चौरस फूट आणि अमुक मूल्य यांच्या आत' अशी दोन शब्दांची दुरुस्ती पुरेशी होती.

पुण्याची कथा आणखी बोलकी आहे. राहत्या घराच्या करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत तेथे १९७० पासून चालत आली होती. राज्य शासनाने ती २०१८ च्या सुमारास काढून घेतली. बराच गदारोळ झाल्यावर २०२३ मध्ये ती परत मिळाली, पण ज्यांची गेली होती त्यांना ती आपोआप मिळाली नाही. घरात आपण स्वतःच राहतो याचे पुरावे जोडून पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. निवृत्तिवेतनधारक वृद्ध क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लावून उभे राहिले. सवलत काढणे आणि देणे या दोन्ही गोष्टी मुंबईत ठरल्या, आणि रांग मात्र पुण्यात लागली.

आता नोकरदारांच्या व्यवसाय कराकडे वळू. हा कर राज्यात १९७५ च्या कायद्याने आला. त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवले गेले आणि तेवढीच भर सरकारने घालावयाची असे ठरले. शहरातील मिळवत्या माणसाने दुष्काळी भागातील मजुराला काम देण्याचा भार उचलावा, ही कल्पना उदात्त होती. आपल्या चळवळीने रोजगार हमीसाठी जे श्रम केले ते वाचकांना माहीतच आहेत. पण कराची रचना पाहा. घटनेने या करावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली. महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर वेतन गेले की पुरुष कर्मचारी पूर्ण २,५०० रुपये भरतो. स्त्रियांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत सूट आहे. बारा हजार मिळविणारा रखवालदार आपल्या वार्षिक वेतनाचे सुमारे पावणेदोन टक्के देतो. तो ज्या इमारतीच्या दारावर उभा असतो, तिच्यातील बारा लाख महिना मिळविणारा संचालक त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके टक्के देतो. वरची मर्यादा उठविणे संसदेचे काम आहे. खालची पायरी वर नेणे मात्र विधानसभेला केव्हाही शक्य आहे.

आमदारांना हे सांगितले की दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, 'पक्षादेशापुढे आमचे काय चालणार?' १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदाराचे मत बांधले हे खरे, पण त्याची जीभ बांधलेली नाही. विधेयकावर बोलण्यास, दुरुस्ती सुचविण्यास, ते संयुक्त समितीकडे पाठविण्याची मागणी करण्यास कोणी हरकत घेतलेली नाही. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी कोणी मागितली नाही तर कोणत्या सदस्याने काय केले याची नावनिशीवार नोंदच राहत नाही. मतविभागणी मागण्यास बहुमत लागत नाही.

दुसरे उत्तर, 'कराचे विधेयक सरकारच आणू शकते.' राज्याच्या करांपुरते ते बरोबर आहे. अशी विधेयके राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडता येत नाहीत. परंतु संविधानाच्या १९९ आणि २०७ या अनुच्छेदांतील दुसरे उपकलम वाचावे. स्थानिक संस्थेने स्थानिक प्रयोजनांसाठी बसवावयाच्या कराचे नियमन, माफी वा बदल एवढ्याच कारणाने एखादे विधेयक धन विधेयक ठरत नाही, आणि त्याला ती शिफारसही लागत नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे घरपट्टीच्या न्याय्य आकारणीचे विधेयक विरोधी बाकावरचा एकटा सदस्यही अशासकीय विधेयक म्हणून मांडू शकतो, आणि तेही दोहोंपैकी कोणत्याही सभागृहात. पदव्युत्तर वर्गांना सार्वजनिक वित्त शिकविताना हे उपकलम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे, आणि विद्यार्थी ते परीक्षेनंतर विसरत. आमदारांनाही ते कोणी तरी पुन्हा लिहून द्यावे लागेल.

ही निकड आज अधिक आहे, कारण महापालिकांच्या हाती स्वतःचे फारसे उरलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर मुंबईची जकात गेली आणि तिच्या जागी महिन्याला सुमारे ६४७ कोटींची भरपाई राज्याकडून सुरू झाली. दरसाल आठ टक्के वाढीची तरतूद कायद्यात आहे, हे ठीक. पण स्वतः गोळा केलेले उत्पन्न आणि मंत्रालयातून येणारा धनादेश यांत फरक असतो. त्यात मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता. नगरसेवक नव्हते, तेव्हा लोक कोणाकडे गेले? आमदारांकडेच गेले, आणि बहुतेकांना पेव्हर ब्लॉक मिळाले.

म्हणून शाखांनी पुढील अधिवेशनानंतर आपल्या भागातील आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, सभेस बोलवावे. हार-तुरे नकोत. सभेपूर्वी वॉर्डातील दहा-वीस देयके जमवून त्यांतील प्रत्येक घटक कोणाच्या तिजोरीत जातो हे कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घ्यावे. शिक्षण उपकर आणि व्यापारी जागांवरचा रोजगार हमी उपकर ही राज्याची येणी आहेत, महापालिका केवळ वसुली करते, हे अनेकांना ठाऊक नसते. मग आमदाराला विचारावे की स्थानिक करांसंबंधी कोणती विधेयके आली, आपण कोणत्या कलमावर बोललात, बोलला नसाल तर का. उत्तरे लिहून घ्यावीत आणि त्याच आठवड्यात शाखेच्या फलकावर लावावीत.