बर्फ बुटाची किंमत पाहत नाही

डिसेंबर उजाडला की आपल्याकडची तरुण मंडळी उत्तराखंडातील केदारकंठ्याची तयारी करू लागतात. सांक्री गावाहून निघणारी ही वाट सुमारे १२,५०० फुटांवर जाते. "डॉक्टर, बूट कोणते घेऊ?" हा प्रश्न मला हमखास येतो. माझे मत असे की, महागड्या बुटावर विसंबू नये. सह्याद्रीच्या कातळावर घट्ट धरणारा रबरी तळ भुसभुशीत बर्फात चालून जातो. पण शेकडो पायांनी दाबलेला आणि रात्रीत काचेसारखा झालेला बर्फ त्याला दाद देत नाही. तेथे मायक्रोस्पाइक्सच हवेत. म्हणजे बुटावर रबरी पट्ट्याने ताणून बसवायच्या साखळ्या, खाली सुमारे एक सेंटीमीटरचे पोलादी खिळे. काहीजण हौसेने लांब दात्यांचे क्रॅम्पॉन्स मागतात. ते ताठ तळाच्या बुटांसाठी. मऊ बुटावर ते सैल होतात, दाते विजारीत अडकतात आणि माणूस तोंडघशी पडतो.

घसरताना आपण हात टेकतो आणि मनगट मोडते. असे मनगट घेऊन एक मुलगा मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. खिळे होते कुठे? पाठीवरच्या पिशवीत! निसरडे लागण्यापूर्वीच, सपाट जागी बसून ते चढवावेत. दुपारी ओल्या बर्फाचे गोळे खिळ्यांत धरतात, ते काठीने ठोकून पाडावेत. बूट मात्र फार आवळू नयेत. बोटांचा रक्तपुरवठा कमी झाला की हिमदंशाचा धोका वाढतो. आणि निघण्यापूर्वी घरीच, हातमोजे घालून, खिळे दोनदा चढवून पाहावेत.