कॅमेरा बंद, तर कोठडीही बंद

१६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या आष्टीत पोलीस ठाण्यासमोर गोळीबारात माणसे पडली. त्या हुतात्म्यांना आपण वंदन करतो. आणि आज कुणाला कोठडीत घातले, की “काहीतरी केलेच असणार” म्हणून मोकळे होतो!

१८ एप्रिल २०१४. त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. वडाळा रेल्वे पोलिसांनी धरलेला पंचवीस वर्षांचा अ‍ॅग्नेलो वाल्डारिस मरण पावला. पळताना लोकलखाली सापडला, हे पोलिसांचे म्हणणे. पिता लिओनार्ड यांना ते पटले नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तपास सीबीआयकडे सोपविला गेला आणि त्यांच्याच याचिकेत राज्यातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश निघाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी तसेच फर्माविले. तरीही २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला चालू कॅमेऱ्यांच्या अभावाची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तेव्हा आदेश पुरे झाले. ज्या ठाण्याचा कॅमेरा बंद, तेथील कोठडीला तो सुरू होईपर्यंत टाळे ठोकावे. आरोपी ठेवायचे कुठे? कॅमेरा चालू असलेल्या शेजारच्या ठाण्यात. जीपला थोडे डिझेल जास्त लागेल, इतकेच.