हा धडा वेळेवर हवा



दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने मी भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे व्याख्यानाला गेलो होतो. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी हे गाव आसपास प्रसिद्ध आहे. समोर सहावी ते दहावीची मुले-मुली बसली होती. उभे राहून प्रश्न विचारायला मुले लाजतात, म्हणून मी पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम.

चिठ्ठ्या भरपूर आल्या. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का ऐकू येतो? चंद्रावर पाऊस पडतो का? मी रंगून उत्तरे देत होतो. मग एक चिठ्ठी उघडली. अक्षर लहान वर्गातले वाटत होते. "अडचण असताना मिरचीच्या वावरात गेले तर झाडे जळतात हे खरे आहे का? आमची झाडे आकसली आहेत."

अडचण म्हणजे मासिक पाळी. मी चिठ्ठीची घडी घातली, ती खिशात टाकली आणि पुढची चिठ्ठी वाचली. ती इंद्रधनुष्याची होती.

मला उत्तर येत नव्हते असे नाही. एवढ्या मुलांसमोर, वडीलधाऱ्या मंडळींसमोर तो शब्द उच्चारायला जीभ रेटली नाही. घरच्या मिरचीचे नुकसान आपल्यामुळे झाले, असे ओझे घेऊन एक मुलगी तिथे बसली होती आणि विज्ञानावर बोलायला आलेला माणूस गप्प राहिला. लहान वर्गांत लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, या वादात मी आज माझे मत मांडतो आहे ते या चिठ्ठीमुळे.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर देतो. मिरचीची पाने आकसतात, वाटीसारखी वळतात, झाड खुरटते. शेतकरी याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे आणि कोळी पानांतील रस शोषतात. पांढरी माशी रस शोषता शोषता रोगाचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पान उलटे करून भिंगातून पाहा, किडी दिसतील. मासिक पाळी म्हणजे गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्याला रक्तासह बाहेर पडणे. त्यात झाडाला जाळणारे काही नसते.

थोडे गणितही करू. पाळीचे चक्र साधारण २८ दिवसांचे आणि पाळी साधारण ४ ते ५ दिवसांची. म्हणजे कोणत्याही दिवशी पाळी येण्याच्या वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक षष्ठांश स्त्रियांना ती असणार. मिरची तोडायला अशा ३० स्त्रिया आल्या, तर त्यांतल्या सरासरी पाच. हा स्पर्श झाडे जाळत असता, तर पिंपळगावच्या बाजारात मिरचीचे एक पोतेही आले नसते!

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकात मानवी पुनरुत्पादन आणि ऋतुचक्र यांची सविस्तर माहिती दहावीच्या विज्ञानात येते. तेव्हा मुलीचे वय पंधराच्या आसपास असते. बहुतेक मुलींना पाळी बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते, काहींना त्याही आधी. म्हणजे घटना सहावी-सातवीत घडते आणि धडा तीन वर्षांनी येतो. मुलांचा आवाज फुटतो, अंगात बदल होतात, तेही बहुधा दहावीच्या आधीच. त्यांनाही हे स्वाभाविक आहे असे कोणी सांगत नाही.

२४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण मला आठवते. दिवाळीचे दिवस होते. आमच्या गल्लीतील बरीच मुले दारे-खिडक्या लावून घरात बसली होती. आमच्या सरांनी मात्र ग्रहण का लागते हे आदल्या आठवड्यातच समजावले होते. आम्ही पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून कागदावर सूर्याची कोर पाहिली. हीच माहिती ग्रहण सुटल्यावर मिळाली असती, तर आमची भीती तशीच राहिली असती.

"पण एवढ्या लहान मुलांना हे कशाला?" असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की 'लैंगिक शिक्षण' म्हटले की मोठ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्त्री-पुरुष संबंध उभे राहतात. आम्ही प्रकाश हा विषय कसा शिकवतो ते पाहा. प्राथमिक शाळेत सावली, दहावीत भिंग, पदवीला व्यतिकरण. व्यतिकरण अवघड म्हणून सावलीचा धडा कोणी काढून टाकत नाही. येथेही तसेच करावे. पहिली-दुसरीत शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे, नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणणे आणि घडलेले विश्वासाच्या माणसाला सांगणे. पाचवी ते सातवीत वयात येताना होणारे बदल, मुलांना आणि मुलींना दोघांनाही. पुनरुत्पादन, रोग आणि कायदा पुढच्या वर्गांत. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही पाच वर्षांपासून पुढे अशीच वयानुसार मांडणी आहे. अशा शिक्षणामुळे मुले लैंगिक संबंधांकडे वळतात ही भीती जगभरच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही, असेही त्यात नमूद आहे.

पहिल्या पायरीचे महत्त्व फार मोठे आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते. २०१२ साली बालकांच्या संरक्षणासाठी पॉक्सो कायदा झाला, मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पण ज्या अवयवाला मुलाकडे शब्दच नाही, त्याविषयी ते तक्रार कशी करणार?

हा वाद आपल्याकडे नवा नाही. विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणारे र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचा प्रचार सोडण्याऐवजी १९२५ साली नोकरी सोडली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. वाचक प्रश्न विचारतात, तर त्यांना उत्तर मिळायला हवे, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दंड झाला. कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. माझ्या खिशातील चिठ्ठी आठवली की मला त्यांच्यापुढे ओशाळल्यासारखे होते.

२००७ साली पुन्हा वादळ उठले. एड्सच्या प्रतिबंधासाठी केंद्राने आखलेल्या किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यातील चित्रांवर विधिमंडळात आक्षेप घेतला गेला आणि राज्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला. चित्रे बदलता आली असती. विषयच बंद झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच, हे शिक्षण नववीची वाट न पाहता लहान वयापासून द्यावे, असे मत नोंदवले आहे.

विरोध करणाऱ्या पालकांना मी मागासलेले म्हणणार नाही. आपल्या मुलाला कोण काय शिकवणार हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. म्हणून पुस्तक आधी पालकसभेत दाखवावे. शिक्षकांना आधी नीट प्रशिक्षण द्यावे, कारण संकोचाने किंवा चेष्टेने शिकवलेला धडा न शिकवलेल्याहून वाईट. मात्र "हे घरीच शिकावे" हे उत्तर मला पटत नाही. ज्या आईला तिच्या आईने काही सांगितले नाही, ती मुलीला काय सांगणार? आणि आता घरोघरी मोबाईल आहे. शाळा आणि घर दोन्ही गप्प राहिली, तरी मूल अजाण राहत नाही. ते चुकीचे शिकते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल ते गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना किंवा परिचारिकाताईंना विचारून दुसऱ्या दिवशी द्या.

आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला सांगायचे आहे की बाळ, तुमची झाडे तुझ्यामुळे आकसली नाहीत. हे मी त्याच दिवशी सर्वांसमोर सांगायला हवे होते.